पास देणाऱ्याचा दोष

१४ जून, शनिवार

आज माझ्या एकोणीस वह्या सन्मानाने घरातून गेल्या. न्यायला हेब्बाळ हेरॉन्स या आमच्या बास्केटबॉल संघाचा नवा जनरल मॅनेजर शुभंकर स्वतः गाडी घेऊन आला होता. मूळचा पुण्याचा, वय एकतीस, बूट पांढरेशुभ्र. वाक्य मराठीत सुरू करतो आणि क्रियापद यायच्या आत इंग्रजीत उतरतो. “काका, हे म्हणजे गोल्डमाइन आहे! नाइन्टीन सीझन्सचा हँडरिटन डेटा, आणि लिटरली एकही खाडाखोड नाही!” मी नम्र दिसायचा प्रयत्न केला. जमला नाही, असं माझी बायको संध्या म्हणते.

एकोणीस हंगाम मी हेरॉन्सच्या मैदानावर स्कोअररच्या टेबलाशी बसतोय. लीगला द्यायचा कागद वेगळा, त्यात गुण आणि फाउल. माझी वही वेगळी, तिच्यात कोण कुठे चुकला ते. हातातला चेंडू फुकट समोरच्यांच्या स्वाधीन केला की त्याला टर्नओव्हर म्हणतात. आमच्या लीगमध्ये तो कुणाच्या नावावर टाकायचा या भानगडीत कुणी पडत नाही. मी पडतो. तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेच्या क्वालिटी विभागात दुसऱ्यांच्या चुका शोधतोय. रविवारी हात शिवशिवतात. नियम तिथला तोच इथला: पुढच्या टेबलावर सदोष माल पोचला, तर दोष पाठवणाऱ्याचा. पास दिला आणि पुढच्याला तो धरता आला नाही, तर टर्नओव्हर देणाऱ्याच्या नावावर. अपवाद नाही.

शुभंकरने संघाचा टी-शर्ट दिला. पाठीवर ‘डेटा पार्टनर’. अंगाला घट्ट होतो. संध्या म्हणाली, “आधी पोटाचा डेटा द्यायला हवा होतात.”

४ ऑगस्ट, सोमवार

रघुनंदनला काढलं.

सकाळी नऊला फोनवर फोटो आला. रघु पाठमोरा, वर ‘थँक यू, लेजंड’. जिवंत माणसाला पाठमोरा दाखवून आभार मानण्याची ही पद्धत कुणी काढली? मला वाटलं गेला. तीन मिनिटं मी खरंच हादरलो होतो. मग खाली वाचलं, आणि जास्त हादरलो.

तेरा हंगाम तो आमचा पॉइंट गार्ड. म्हणजे चेंडू वर घेऊन जाणारा आणि वाटणारा. बास्केट दुसरे करतात, टाळ्या दुसऱ्यांना मिळतात, आणि ज्या हातात चेंडू असायला हवा त्या हातात तो कसा आला हे कुणी विचारत नाही. सामना संपला की गळ्यात टॉवेल घालून माझ्या टेबलाशी यायचा, मिनिटभर माझी वही बघायचा, “सरी सर, बर्तीनी”, म्हणजे ठीक सर, येतो, एवढं म्हणायचा आणि जायचा. तेरा वर्षांत जास्तीचा शब्द नाही. आपले असिस्ट, म्हणजे ज्यांतून बास्केट झाले ते पास, मोजायला येत असणार. माणूस कितीही साधा असला तरी स्वतःचे आकडे गोड लागतातच.

पत्रकात कारण दिलंय: ‘बॉल सिक्युरिटीच्या निकषावर लीगमधला सर्वात कमकुवत गार्ड. प्रति सामना ४.६ टर्नओव्हर.’ हा आकडा कुठल्या यंत्रातून काढला कोण जाणे. मी सरासरी काढत नाही. सरासरी म्हणजे चुका पाणी घालून वाढणं.

आठ वर्षांत आमच्या संघाची ही सातवी पुनर्बांधणी. हेब्बाळच्या उड्डाणपुलावरसुद्धा इतक्या वेळा काम निघालेलं नाही. दर वेळी नवा माणूस येतो, ‘प्रोसेसवर विश्वास ठेवा’ म्हणतो आणि प्रोसेस पूर्ण व्हायच्या आत स्वतः दुसऱ्या नोकरीवर जातो.

खेळाडूंची नोंदणी तीस ऑगस्टला संध्याकाळी पाचला बंद होते. रघु पस्तिशीचा आहे. तोवर कुठल्याच संघात नाव लागलं नाही तर हा हंगाम गेला, आणि या वयात एक हंगाम बाहेर बसलेल्याला पुढच्या वर्षी कुणी हाक मारत नाही.

सव्वीस दिवस आहेत. रघु परत आला पाहिजे. हे मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे हटता येणार नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कृष्णमूर्तींकडे बैठक. माझ्या टेबलामागच्या तिसऱ्या रांगेत ते माझ्याही आधीपासून बसतात. वय सत्तर, आवाज पंचविशीचा. म्हणाले, “उल्हास, पत्र बित्र बेड, काही नको. रविवारी सरावाचा सामना आहे. नवा गार्ड चेंडू घेऊन निघाला की सगळ्यांनी उठून पाठ फिरवायची. आपल्या पाठी बघू देत त्यांना.”

त्रेसष्ट माणसं तयार झाली. मीही. स्कोअररने पाठ फिरवली तर स्कोअर कोण लिहील, असं संध्याने विचारलं. मी म्हटलं, क्रांतीत बारीकसारीक गोष्टी बघायच्या नसतात.

१० ऑगस्ट, रविवार

क्रांती झाली. त्रेसष्ट पाठी फिरल्या. नेमक्या त्याच वेळी ईशान, म्हणजे मुंबईहून आणलेला बावीस वर्षांचा नवा गार्ड, अर्ध्या मैदानावरून असा काही बास्केट करून गेला की हॉल दणाणला. आम्ही भिंत बघत होतो. भिंतीला ओल आहे.

संध्याकाळी संघाच्या पानावर आमचा व्हिडिओ. ‘हेरॉन्स फॅन्सचं नवं सिग्नेचर सेलिब्रेशन!’ अकरा हजार लाइक. कृष्णमूर्तींच्या नातवाच्या शाळेत मुलं ते करून दाखवतात म्हणे.

सामना हरलो. ईशान वाईट नाही, पण त्याला चेंडू सोडवत नाही. लहान मूल खेळणं धरतं तसा धरून ठेवतो. आणि शंभूराज एकटा बास्केटखाली उभा. सहा फूट नऊ इंच, कोल्हापूरचा, दोन वर्षांपूर्वी आणलेला. दारातून येताना वाकतो आणि मग सवयीने वाकलेलाच राहतो. आज त्याच्याकडे चारच पास गेले. चारही सुटले. नियमाप्रमाणे ईशानच्या नावावर चार लिहिले. अक्षर जरा जास्तच ठळक आलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

अर्धी रजा टाकून शुभंकरला भेटलो. त्याच्या ऑफिसात झोपाळा आहे. त्यावर कुणी बसत नाही, लॅपटॉपची बॅग बसते.

“काका, मी पर्सनली रघुला खूप रिस्पेक्ट करतो,” तो म्हणाला.

“रिस्पेक्ट केलास तो कळला. पाठमोरा.”

“इमोशन बाजूला ठेवू या का? हे बघा.” त्याने भिंतीवर तक्ता लावला. लीगचे सगळे गार्ड रांगेत. आमच्या रघुचा लाल खांब इतरांपेक्षा दुप्पट उंच.

मी म्हटलं, “हा आकडा तुला कुणी दिला? सामने न बघता लाकडी खुर्चीत बसून कुणीतरी ठोकलेला आहे हा. ज्याने काढला त्याला बास्केटबॉल कळत नाही, लिहून घे.”

शुभंकरने भिंतीवरचा तक्ता बंद केला. मग हळू म्हणाला, “काका, हा तुमचाच आहे. गेल्या दोन सीझन्सच्या वह्या. अठ्ठावीस मॅचेस, एकशे एकोणतीस टर्नओव्हर्स. बाकीच्या टीम्सचा डेटा आम्ही व्हिडिओवरून घेतला. आपल्यासाठी तुम्ही होतात ना.”

चहा थंड होता. घरी येईपर्यंत रस्त्यात काय लागलं ते आठवत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

एकशे एकोणतीस भागिले अठ्ठावीस. चार पूर्णांक सहा. बरोबर आहे.

वह्यांच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत, त्या पुन्हा मोजल्या. एकशे एकोणतीसच. माझी वही खोटं बोलत नाही. त्यांनी ती चुकीच्या कामाला लावली, एवढंच. सुरी चांगली असली म्हणून काय कुणावरही चालवायची?

कृष्णमूर्तींना अजून सांगितलं नाही. टी-शर्ट कपाटात आतल्या बाजूला ठेवला.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी सरावाला गेलो होतो. संपल्यावर शंभूराज टेबलाशी आला आणि समोर उकिडवा बसला. बसूनही माझ्याएवढाच.

“काका, एक इचारू? रागावणार न्हाई न्हवं?”

“विचार.”

“मॅनेजर सायबांनी काल समद्यांला कागद दावला. रघुअण्णाच्या चुकांचा. त्यातल्या निम्म्या माझ्या हायत की वो. गेल्या साली सेमीफायनलला त्यानं माझ्या छातीवर आणून दिला, मऊ, लहान पोराला द्यावा तसा. माझ्या हातनं सुटला. सगळ्या हॉलनं बघितलं. तुमच्या वहीत अण्णाच्या नावावर कसा?”

मी त्याला नियम समजावला. पुढचं टेबल, सदोष माल, पाठवणाऱ्याची जबाबदारी.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग स्वतःचे दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. परातीएवढे. “माल चांगला हुता, काका. परातच गळकी हाय.”

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा असतो. तो “व्हय” म्हणाला आणि वाकून दारातून गेला. त्याला काही कळलं असं मला वाटत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज सकाळी हा सगळा प्रकार संध्याला सांगत होतो. नियमामागचं तत्त्व तिला पटवत होतो, म्हणजे हातवारे चालू होते. तिने चहाचा कप पुढे केला. मी बोलता बोलता घेतला, आणि तो खाली पडला.

“नीट दिला नाहीस,” मी म्हणालो.

संध्याने फडकं आणलं. मला वाटलं पुसेल. तिने ते माझ्या हातात दिलं, आणि या वेळी मी धरेपर्यंत सोडलं नाही.

“वहीत कुणाच्या नावावर लिहिणार?” तिने विचारलं.

फरशी पुसायला गुडघे टेकावे लागतात. त्या उंचीवरून बऱ्याच गोष्टी वेगळ्या दिसतात. आमच्या प्रयोगशाळेत माल पुढे जातो तेव्हा पुढचं टेबल हलत नसतं. त्याला हात नसतात. त्याचं लक्ष कुणा चीअर करणाऱ्या मुलीकडे जात नाही. टेबलाकडून माल सुटत नाही, म्हणून दोष पाठवणाऱ्याचा. मी तो नियम उचलून मैदानावर नेला आणि दहा हलत्या माणसांना लावला. एकोणीस वर्षं. एकही खाडाखोड न करता.

रघुला बाहेर काढणारा माणूस मी दोन आठवडे शोधत होतो. सापडला. घट्ट टी-शर्टवाला.

बारा दिवस उरलेत. क्लबकडे सगळ्या सामन्यांचे व्हिडिओ आहेत. अठ्ठावीस सामने पुन्हा लिहिणार. प्रत्येक पास बघून.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पहाटे पाच ते आठ, रोज चार सामने. संध्याने दिवाणखाना मला देऊन टाकला आहे.

आता वहीत तिसरा रकाना आहे: पास हातात पोचला का? छाती ते कंबर, धरणाऱ्याला हलावं लागलं नाही, तर पोचला. त्यानंतर सुटला तर धरणाऱ्याच्या नावावर.

काल एक पास अकरा वेळा मागे नेऊन बघितला. रघु दोघांच्या मधून, न बघता, शंभूराजच्या उजव्या हाताला, नेमका ज्या बाजूला बचाव करणारा नव्हता त्या बाजूला. असा पास मी त्या दिवशी पाच हातांवरून बघितला होता आणि मान खाली घालून ‘७ – टर्नओव्हर’ असं लिहिलं होतं. सात रघुचा नंबर. लिहिताना मान वर केली असती तर.

२५ ऑगस्ट, सोमवार

झालं. एकशे एकोणतीसपैकी एकाहत्तर हातात पोचलेले. त्यातले त्रेचाळीस शंभूराजकडून सुटले. रघुचे स्वतःचे उरले अठ्ठावन्न. अठ्ठावीस सामन्यांत. सरासरी २.१.

शुभंकरच्या तक्त्यात २.१ कुठे बसतो ते बघितलं. लीगमध्ये दुसरा. वरून.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. आरतीला कृष्णमूर्ती आले. मोदक खाताना त्यांना सगळं सांगितलं. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. त्यांनी दुसरा मोदक घेतला, तिसरा घेतला.

“मी तुझ्यामागे तिसऱ्या रांगेत बसतो. एकोणीस वर्षं तुझी वही दिसते मला,” ते म्हणाले. “मला वाटायचं, तो तुझा लाडका म्हणून तू त्याच्यावर कडक आहेस. बापासारखा.”

कडक होतो हे खरं. बाकीचं खरं असेल तर जास्तच वाईट.

२८ ऑगस्ट, गुरुवार

शुभंकरला अठ्ठावीस पानं दिली. प्रत्येक पासासमोर व्हिडिओचं मिनिट आणि सेकंद. त्याने दहा-बारा बघितले. हुशार आहे, त्याला लगेच कळलं. कान लाल झाले.

“काका, हे करेक्ट आहे.”

“मग परत घे त्याला.”

“बारा जागा भरल्यात. ईशानचं काँट्रॅक्ट झालंय. आणि ओनर्सना मी हेच मॉडेल दाखवून रघुला रिलीज केलंय. तीन आठवड्यांत जाऊन सांगू, बेसिक इनपुट राँग होता?”

“हो. तसंच सांग. मी येतो सोबत, माझं नाव सांग.”

त्याने तोंडावरून हात फिरवला. त्या क्षणी तो एकतीसचा नाही, एकवीसचा वाटला. “प्लीज हे बाहेर नका सांगू. तुमचंही नाव आहे त्यावर, काका. लोक तुम्हाला काय म्हणतील? आणि बाहेर गेलं तर टेबलावर तुम्हाला ठेवणं मला डिफिकल्ट होईल.”

धमकी होती ती. पण देणाऱ्याला इतकं कसंनुसं झालं होतं की मलाच त्याला पाणी द्यावंसं वाटलं. मी म्हटलं, “शुभंकर, टेबल तुझं. वही माझी आहे.”

२९ ऑगस्ट, शुक्रवार

संध्याकाळी के. आर. पुरमला रघुच्या घरी. तेरा वर्षांत पहिल्यांदा. त्याचं घराणं मूळचं बेळगावकडचं, त्यामुळे मराठी सगळ्यांना येतं. दार त्याच्या आईने उघडलं. गंगव्वा. मी नाव सांगितलं.

“वही लिहिणारे तुम्हीच का?” त्या म्हणाल्या. आत घेतलं, कॉफी दिली, पण खुर्चीवरची घडी केलेले कपडे मला स्वतः उचलून बाजूला ठेवावे लागले.

रघु आला. मी पानं त्याच्यासमोर ठेवली आणि पाठ केलेलं भाषण केलं. मध्येच विसरलो. शेवटी एवढंच म्हटलं, “एकाहत्तर वेळा मी चुकीचं लिहिलं, रघु.”

“गोत्तु, सर,” तो म्हणाला. माहीत आहे. “मी रोज बघायचो ना.”

“मग बोलला का नाहीस?”

“पहिल्या वर्षी एका सामन्यात तुम्ही माझ्या नावावर नऊ लिहिले. त्यातले सात पोरांनी सोडलेले. मला फार राग आला, सर. घरी आलो, जेवलो नाही. विचारा अव्वाला. मग म्हटलं, सर म्हणतात ना माझा दोष, बघू या. कुणाला कसा पास सुटत नाही, ते शिकत गेलो. हा डावरा, हा उशिरा वळतो, याला छातीवर पाहिजे. सामन्यानंतर बघायला यायचो ते त्यासाठी. उद्या कुणाला कसा द्यायचा.” तो पानं चाळत होता. “शंभूला अजून एक वर्ष लागलं असतं. होईल तो चांगला.”

मी तेरा वर्षं समजत होतो की हा असिस्ट मोजायला येतो.

“तरी एकदा म्हणायचंस.”

“वही तुमची, सर. मला वाटलं, ती आपल्या दोघांतच आहे.”

गंगव्वांनी न विचारता कॉफी पुन्हा ओतली.

तीन संघांकडे तो जाऊन आला. तिघांनीही ४.६ दाखवला. फक्त बोम्मसंद्र्याच्या प्रशिक्षक, यशश्री नावाच्या नागपूरच्या बाई, म्हणाल्या की एक जागा आहे, आकडा खोटा असल्याचं दाखव, उद्या पाचपर्यंत. बोम्मसंद्रा! गेल्या वर्षी ज्यांनी आम्हाला सेमीफायनलला हरवलं तो संघ. हेरॉन्सचा चाहता त्यांच्या भागातल्या फॅक्टऱ्यांत बनलेला स्क्रूसुद्धा घरात आणत नाही.

दारातच मी बाईंना सगळी पानं पाठवली. दोन मिनिटांत उत्तर: ‘तुम्ही हेरॉन्सवाले. आमचं भलं का करून राहिले? समोर या, मग बघू.’

३० ऑगस्ट, शनिवार

हेब्बाळहून साडेअकराला बस. मॅजेस्टिकच्या स्टँडपर्यंतच दीड वाजला. मग मेट्रो, मग गाडी बदलून नवी पिवळी मेट्रो. स्टेशन चकाचक आणि गाडी पंचवीस मिनिटांनी एक. माझ्या डोळ्यांदेखत एक गेली. पिशवीत पानं आणि लॅपटॉप. शर्ट बदलायला वेळ मिळाला नाही आणि सकाळी हाताला लागला तो घातला होता. पाठीवर ‘डेटा पार्टनर’.

चारला पोचलो. यशश्रीबाई हॉलच्या पायरीवर बसून केळं खात होत्या. माझी पाठ वाचून हसल्या.

“कोणतेही पाच दाखवा,” म्हणाल्या. पानं उलटून स्वतः बोट ठेवलं. पहिला पोचलेला. दुसरा, तिसरा, चौथा, पोचलेले. पाचवा त्यांनी तीनदा बघितला.

“हा नाही. हा पास उंच आहे. पोरानं टाचा उचलल्या, बघा.”

मी बघितलं. माझ्या घड्याळात चार वाजून बावीस मिनिटं. पुन्हा बघितलं. टाचा उचलल्या होत्या.

“बरोबर. हा रघुचा,” मी म्हटलं आणि पानावर दुरुस्त केलं. “सत्तर.”

त्यांनी केळ्याची साल बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. “एवढं लांब त्याच्यासाठी आले आणि त्याच्याच विरुद्ध कबूल करून राहिले?”

“चूक तिथे आहे तर काय करू?”

“याच्यावर सही करा,” त्या म्हणाल्या. मी अर्जासोबतच्या कागदावर लिहिलं: मागील दोन हंगामांतील आकडे माझ्या चुकीच्या पद्धतीमुळे अशुद्ध होते. नाव, पत्ता, सही. माझ्याच नावाखाली माझा दोष. या वेळी योग्य माणसाच्या नावावर.

चार पन्नासला रघुनंदनची नोंदणी झाली. आमच्या जन्माच्या प्रतिस्पर्ध्याला मी शहरातला सर्वात चांगला पॉइंट गार्ड स्वहस्ते नेऊन दिला. कृष्णमूर्तींना फोन केला. ते म्हणाले, “वनवासात गेला तर गेला. खेळतोय ना?”

७ सप्टेंबर, रविवार

हंगाम सुरू. माझ्या सहीचा कागद लीगभर फिरला. टेबलावर आता एक मुलगा टॅबलेट घेऊन बसतो. एकोणीस वर्षांची माझी खुर्ची शुभंकरने स्वतः येऊन ‘सध्यापुरती’ काढून घेतली. मी तिसऱ्या रांगेत, कृष्णमूर्तींच्या शेजारी. शेंगदाणे त्यांचे, वही माझी. वरून मैदान जास्त चांगलं दिसतं. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

शंभूराजने आज सातपैकी सहा पास धरले. रोज सकाळी भिंतीवर चेंडू मारून धरतो म्हणे, दोनशे वेळा. मी त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवलाय. त्याला दाखवला तेव्हा लाजला.

१२ ऑक्टोबर, रविवार

बोम्मसंद्रा हेब्बाळला आले. रघुला तिथेही सात नंबरच मिळालाय. निळ्या कपड्यांत तो हॉलमध्ये शिरला आणि तिसऱ्या रांगेने, म्हणजे कृष्णमूर्तींनी, उठून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या हॉलने. शुभंकर दाराशी उभा होता. त्यानेही वाजवल्या, हे लिहून ठेवतो.

शेवटचे नऊ सेकंद. आम्ही ७१, ते ७०. चेंडू रघुकडे. मी तेरा वर्षं ज्या क्षणाला त्याच्यासाठी श्वास धरला, त्या क्षणाला आज कुणासाठी धरायचा ते कळेना. तो उजवीकडे निघाला, दोघे त्याच्यावर गेले, आणि बास्केटखाली त्यांचा अकरा नंबरचा पोरगा मोकळा. पास गेला. पोराने उडी मारली, बोटांना लागला आणि रेषेबाहेर.

आम्ही जिंकलो. हॉल वेडा झाला. कृष्णमूर्तींचे शेंगदाणे हवेत. मी वही उघडली. आता मला माहीत होतं काय लिहायचं. हाताला लागला होता, साऱ्यांनी बघितलं. अकरा नंबरच्या पोरासमोर टर्नओव्हर लिहिला. लिहिताना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. एक तरी रघुच्या अंगावरून उतरवला.

वीस मिनिटांनी पायऱ्यांवर पावलं वाजली. गळ्यात टॉवेल, निळे कपडे. तिसऱ्या रांगेपर्यंत चढून आला. हात पुढे केला. मी वही दिली.

मिनिटभर बघितली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हा अकराचा नाही, सर. माझा.”

“हाताला लागला होता, रघु.”

“उडी मारून लागला. मीच मारायला लावली. बोटभर उंच गेला.” त्याने बोट ओळीवरून काढलं नाही. “मला माहीत आहे तुम्ही का लिहिलात. पण तसं नको, सर. बरोबर लिहा. नाहीतर मी उद्या काय सुधारू?”

कृष्णमूर्ती छताकडे बघत होते.

मी पेनाने अकराच्या नावासमोरची खूण खोडली. सातासमोर केली. तो वाकून बघत होता, नीट झाली की नाही.

“सरी सर,” तो म्हणाला, “बर्तीनी.”

माझ्या विसाव्या वहीच्या नवव्या पानावर खाडाखोड आहे. पहिलीच. पान नव्याने उतरवून ती नाहीशी करता आली असती. केली नाही.